मिस्त्रींचं खातं

४ फेब्रुवारी

भाऊजी,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून हसू नका. फोनवर आपण दोघं "बाकी काय?" "बाकी काही नाही" याच्या पुढे जात नाही. मेल केला तर तुम्ही दोन ओळींत वाटेला लावता. पत्राला निदान पानभर उत्तर द्यावं लागतं, एवढी लाज तुम्हाला अजून आहे अशी माझी समजूत आहे.

काम आहे. यांची 'खरखर' बंद पडणार आहे. तुम्ही तिच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाहीत, म्हणून सांगते. जुने रेडिओ स्वतः दुरुस्त करणाऱ्यांची ही वेबसाइट. कुणी विचारतं, "माझा नुसता घूं घूं करतोय, काय करू?" आणि दुसरं कुणी सांगतं. एक पान प्रश्नोत्तरांचं, एक सर्किटांच्या आकृत्यांचं, एक सुट्या भागांच्या देवघेवीचं. सभासदांशिवाय कुणाला आत जाता येत नाही. ती ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे, त्यांची नोटीस आलीय. यांनी जे लिहिलंय ते फार जुन्या पद्धतीचं झालं, मेअखेरनंतर ते चालवणार नाहीत.

जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाने निवृत्त झाल्यावर पुस्तकं वाचून उभं केलेलं काम आहे. तुम्ही तर पोटासाठी हेच करता. नव्याने बांधून द्याल?

अट एकच. सगळ्यांचे जुने पासवर्ड जसेच्या तसे चालले पाहिजेत. खातं पुन्हा काढा, ओळख पटवा, असलं काही नको. मंडळी वयस्कर आहेत, गांगरतील.

वहिनी


१६ फेब्रुवारी

वहिनी,

घे पानभर.

करून देईन का, हे काय विचारणं झालं? काल दुपारी दादाने लिहिलेलं सगळं उतरवून घेतलं आणि उघडून बसलो. वहिनी, तुझ्या नवऱ्याने वेबसाइट नाही लिहिलेली, गाठोडं बांधलंय. आमच्यात हल्ली प्रत्येक काम वेगळं ठेवतात. प्रश्नांचा भाग वेगळा, आकृत्यांचा वेगळा, आणि दारावर "तुम्ही कोण?" विचारणारा वेगळा. एक बिघडला तर तेवढाच काढून दुरुस्त करायचा. दादाचं तसं नाही. आकृतीचा रंग बदलायला जावं तर लॉगिन बंद पडतं. एका जागी त्याने स्वतःसाठी लिहून ठेवलंय: "इथे हात लावू नये. का चालतं ते मलाही माहीत नाही, पण चालतंय." मी ऑफिसात एकटाच मोठ्याने हसलो, आणि मग उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्याचा आवाजच ऐकू आला गं. आईच्या कपड्यांच्या दोरीवर त्याने पहिली एरियलची तार बांधली होती, तेव्हाही असंच म्हणाला होता. कानाला लावायचं यंत्र एकच होतं आणि आम्ही दोघं. मग त्याने ते पितळेच्या वाडग्यात उपडं ठेवलं आणि आम्ही दोन्ही बाजूंनी वाडग्याला कान लावून बसलो. कुठल्या तरी परक्या भाषेत एक बाई बातम्या सांगत होती. आम्हाला ओ की ठो कळत नव्हतं, पण दादा म्हणाला, "ती आपल्याशीच बोलतेय." आई आली, वाडगा काढून घेतला आणि म्हणाली, "आता त्या बाईला म्हणावं, जेवायला ये."

मुद्द्यावर येतो. दादाला जाऊन दीड वर्ष होईल. मला वाटतं 'खरखर'चं संग्रहालय करावं. आतलं सगळं कुणालाही वाचता येईल, नवीन लिहिणं बंद. लॉगिन नको, पासवर्ड नकोत, तुझी अटही आपोआप मिटली. पहिल्या पानावर दादाचा फोटो आणि चार ओळी. आठवड्याचं काम आहे. सांग, करू?

धाकटा


२७ फेब्रुवारी

भाऊजी,

संग्रहालय नको. फोटो तर मुळीच नको.

चालत्या रेडिओला काचेच्या कपाटात ठेवलेलं यांना कधी आवडलं नाही. शेजारच्या वकिलांनी एकदा शोभेसाठी म्हणून जुना रेडिओ मागितला, तर हे म्हणाले, "वाजवणार असाल तर देतो. नाहीतर फुलदाणी घ्या." लोक तिथे रोज लिहितात. एक दंतवैद्य आहेत, रुग्ण नसला की सर्किटं काढत बसतात. एक गणिताचे मास्तर आहेत, तिसऱ्या ओळीत कुणाचं तरी व्याकरण सुधारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ही माणसं एकमेकांची नावं जाणत नाहीत, टोपणनावांनीच ओळखतात. तुमच्या दादांना सगळे 'मिस्त्री' म्हणतात. त्यांना बाहेर उभं करून आतलं नुसतं वाचा म्हणायचं?

तुम्ही वाडग्याचं लिहिलंत आणि मला लग्नानंतरचे दिवस आठवले. नव्या नवरीला लोक घर दाखवतात, यांनी मला टेबल दाखवलं. म्हणाले, "या टेबलाला सोडून सगळ्याला हात लाव." मी महिनाभर पाळलं. एके दिवशी हे कामावर गेल्यावर टेबल पुसून काढलं. संध्याकाळी यांनी अन्न सोडलं नाही एवढंच. मग खुर्ची ओढली, मला समोर बसवलं आणि कोणता स्क्रू कुठला ते विचारत बसले. त्या दिवसापासून टेबलाला दोन खुर्च्या झाल्या.

तेव्हा लिहिता येणं राहू द्या. आणि जुने पासवर्ड. पुन्हा सांगते म्हणून रागावू नका.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

आज्ञा शिरसावंद्य. तू या घरात आलीस तेव्हा मी शाळेत होतो आणि तू मला "तुम्ही" म्हणालीस. वर्गात आठवडाभर मिरवलो होतो. त्या उपकारापुढे एक वेबसाइट काहीच नाही.

काम निम्म्याच्या पुढे गेलंय. एक नवीन फ्रेमवर्क घेतलंय. फ्रेमवर्क म्हणजे घराचा सांगाडा समज, खांब-तुळया तयार, भिंती आपण घालायच्या. दादाचं गाठोडं सोडून प्रश्नोत्तरं, आकृत्या, देवघेव अशा वेगवेगळ्या खोल्या केल्या आणि दारावर लॉगिन बसवलं. सगळं सुटं सुटं छान चालत होतं. एकत्र जोडलं आणि तमाशा. दारात ओळख पटायची, माणूस प्रश्नांच्या खोलीत जायचा, तिथून आकृत्यांच्या खोलीत गेला की ती खोली म्हणायची, "कोण तुम्ही?" पुन्हा पासवर्ड. परत फिरावं तर आधीची खोलीही विसरलेली! आपल्या मोठ्या आत्यासारखं. ओसरीवर गालगुच्चा घ्यायची आणि स्वयंपाकघरात विचारायची, "हा कुणाचा मुलगा?"

दोन दिवस डोकं धरून बसलो. शेवटी सापडलं. दारावरचा भाग आत येणाऱ्याच्या हातात एक खूणचिठ्ठी देतो, आणि प्रत्येक खोली ती तपासते. मी प्रत्येक खोलीला तपासायची किल्ली वेगळी दिली होती. सगळ्यांना एकच दिली आणि घर शहाणं झालं.

पासवर्डचंही जमवलंय. दादाने ते जुन्या पद्धतीने का होईना, पण झाकून ठेवलेत. मलाही वाचता येत नाहीत, नुसते ठसे दिसतात. माणूस नव्या घरात पहिल्यांदा येईल तेव्हा त्याचा पासवर्ड जुन्या ठशाशी ताडून बघायचा, जुळला की गुपचूप नवा, पक्का ठसा घ्यायचा. कुणाला पत्ता लागणार नाही.

एक सांगतो. मी आतलं काही वाचलेलं नाही. हजारो उत्तरं इकडची तिकडे नेली, पण एकही उघडलं नाही. दादाचं लिहिलेलं वाचायला घेतलं तर काम राहील बाजूला. घरी यायचंही असंच राहतंय, तुला माहीत आहे.

चाचणीचा पत्ता सोबत लिहिलाय. फिरून बघ.

धाकटा


२ एप्रिल

भाऊजी,

फिरून पाहिलं. नवं घर स्वच्छ आहे. अक्षर थोडं मोठं करा, आणि "पाठवा" हे बटण कोपऱ्यात लपवलंय ते वर आणा. मास्तर त्यावर निबंध लिहितील.

एक विचारायचं होतं. कोण कधी आत आलं, किती वेळ होतं, हे तुम्हाला दिसतं का? सहज विचारलं. लोकांना आवडत नाही असलं.

घरी यायचं म्हणालात. खोली तशीच आहे. घाई नाही.

वहिनी


१२ एप्रिल

वहिनी,

घाईत लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय.

तू विचारलंस म्हणून कोण कधी आत येतं ते पाहायला गेलो. सुरक्षेसाठी तशी नोंद होते, मी कधी उघडून बघितली नव्हती. वहिनी, दादाच्या खात्यातून कुणीतरी रोज आत जातंय. रोज दुपारी. दादाला जाऊन दीड वर्ष झालं आणि 'मिस्त्री' रोज दुपारी येऊन बसतात! कुणीतरी त्याचा पासवर्ड चोरलाय. आणि त्याचं खातं म्हणजे मालकाचं खातं, नव्या सभासदांना आत घ्यायचं की नाही हे तेच ठरवतं. गेल्या वर्षात त्या माणसाने लोकांना आतसुद्धा घेतलंय.

मी लगेच ते खातं बंद करून टाकलं. चालू वेबसाइटवरच, नव्याची वाट न बघता. मला धंद्यात असले प्रकार काही नवे नाहीत, पण या वेळी असं वाटलं की दादाच्या खुर्चीत कुणीतरी पाय पसरून बसलंय. कोण ते शोधून काढणार आहे. सापडला की सोडणार नाही.

तुला त्रास नको म्हणून फोन केला नाही. तुझ्या ओळखीत कुणाला तो पासवर्ड माहीत असेल तर आठवून ठेव.

धाकटा


२४ एप्रिल

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं ते सगळं होऊन गेल्यावर. फोनवर मी जे बोलले ते धड बोलले नाही, म्हणून आता सावकाश लिहिते.

तुम्ही खातं बंद केलंत त्यानंतरच्या सोमवारी दुपारी जेवणं आवरून टेबलाशी बसले. यांच्या नावाने आत जायला गेले, तर "हे खाते बंद आहे." वाटलं, चुकीचं टाईप केलं. पुन्हा, पुन्हा. मग उठून फडताळं आवरली. तुम्हाला फोन करावा तर काय सांगणार? मेलेल्या नवऱ्याच्या नावाने मी रोज लोकांशी बोलते, हे?

पण आत दंतवैद्य अडकले होते. त्यांचा रेडिओ घूं घूं करत होता. मागचं झाकण काढून आत काय दिसतं ते सांगा, असं मी त्यांना विचारलं होतं. शेजारच्या मुलीच्या खात्यातून वाचलं, तिला यांनीच नाद लावलाय. त्यांचं उत्तर आलं होतं: "अॅल्युमिनियमचा मोठा डबा दिसतोय. सुट्टीच्या दिवशी उपसून काढतो." तो डबा म्हणजे कपॅसिटर. प्लग काढला तरी त्यात वीज साठून राहते. मी तिला लिहायला लावलं, "हात लावू नका." त्यावर दंतवैद्यांनी काय लिहावं? "बाळ, मिस्त्रींना विचारून करतो." तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता, मिस्त्रींवर होता. आणि मिस्त्री गप्प. त्यांना वाटलं, गप्प म्हणजे हरकत नाही.

तेव्हा फोन केला. तुम्ही "वहिनी, खातं मीच बंद केलंय, कुणी चोर आहे," असं सुरू केलंत.

"चोर मीच आहे," म्हणाले मी. "आधी उघडा, मग काय बोलायचं ते बोला."

तुमच्या कीबोर्डचा टकटक आवाज येत राहिला. मग म्हणालात, "उघडलं. लिही." मी लिहिलं. तोवर उशीर झाला होता. दंतवैद्यांना सुट्टीपर्यंत दम निघाला नव्हता.

आता ऐका. शेवटच्या वर्षात यांचे हात चालत नव्हते, हे तुम्ही पाहिलंत. सोल्डरिंगचा डाग द्यायला मी बसायचे, हे समोरून सांगायचे, "डावीकडे. अजून. आता सोड." 'खरखर'वर उत्तरंही हे सांगायचे आणि मी लिहायचे. पुढे पुढे सांगायचेही नाहीत. प्रश्न वाचून दाखवला की मान हलवून म्हणायचे, "तुला माहितीय. सांग त्याला." मी यांच्या नावाने सांगायचे, "मी बघून सांगतो." हसायचे ते.

हे गेले त्यानंतर बारा-पंधरा दिवसांनी पाहुणे पांगले. मी टेबलाशी जाऊन बसले. सवयीने उघडलं. कुणीतरी विचारलं होतं, "मिस्त्री, आहात का?" घरात सगळे मला एकच विचारत होते, आता तुम्ही कशा राहणार. तिथे एक माणूस विचारत होता, स्टेशन सरकतंय, काय करू. मी लिहिलं, "आहे. बोला."

मग ते "आहे"चं "नाही" करायला दिवस कधी उगवलाच नाही. सगळीकडे यांचं नाव खोडलं गेलं, बँकेत, विजेच्या बिलावर, दारावरच्या पाटीवर. एवढी एकच जागा होती जिथे कुणी खोडलं नव्हतं. जुने पासवर्ड चालू ठेवा म्हणून तुमच्या मागे लागले ते मंडळींसाठी नव्हे. तेवढं खोटं मात्र तुमच्याशी बोलले.

वहिनी


५ मे

वहिनी,

आधी दंतवैद्य. 'खरखर'च्या पत्त्यावरून मी विचारपूस केली होती, त्यांचा मेल आला. विजेच्या झटक्याने उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली होती, आता जाग आलीय. चार दिवस दवाखाना बंद ठेवावा लागला. लिहितात, "आयुष्यभर लोकांना म्हणत आलो, जरासं दुखेल. आता बोलताना जपून बोलेन." माणूस बरा आहे. पण आणखी वाईट होऊ शकलं असतं आणि त्यात निम्मा हात माझा होता. न विचारता कुलूप घातलं.

मग मी वाचायला बसलो. सगळं. दादा होता तेव्हापासून परवापर्यंत. पुढे जाता जाता वाटलं, तो कुठे संपतो आणि तू कुठे सुरू होतेस हे मला ओळखता येईल. त्याची वाक्यं तुटक. "प्लग काढा. मागचं झाकण. फोटो पाठवा." मग हळूहळू वाक्यं लांब व्हायला लागली, त्यात "घाबरू नका" यायला लागलं, "आधी पाणी प्या, मग उघडा" यायला लागलं. पण नेमकी रेघ कुठे ओढायची ते कळेना. दादा असतानाच ती वाक्यं सुरू झाली होती. मला होस्टेलवर यायची ती पत्रं आठवली, खाली "तुझा दादा" लिहिलेली. त्यातही "उपाशी झोपत जाऊ नकोस" असायचं. दादा कधी असं म्हणाला असता का? इतकी वर्षं त्या पत्रांसाठी मी त्याच्यावर जीव टाकला. त्यातला किती तुझ्या वाट्याचा होता कोण जाणे.

एका जागी तू लिहिलंयस, "मी बघून सांगते," आणि लगेच ते "सांगतो" केलंयस. दादाच्या गाठोड्यात बदललेलं जुनं वाक्यही जपून ठेवलेलं असतं, म्हणून मला दिसलं.

आता जे लिहितो त्याने तुला वाईट वाटेल. नव्या घरात मी तुला दादाच्या नावाने जाऊ देऊ शकत नाही. जमत नाही असं नाही, एका ओळीचं काम आहे. पण दारावर बसवलेल्या त्या भागाला मी एकच गोष्ट शिकवलीय, आत येणारा खरंच तोच आहे का ते बघ. ते मीच खोटं पाडायचं? दंतवैद्याने त्या मुलीचं ऐकलं नाही, कारण ती मिस्त्री नव्हती. उद्या तुला काही झालं आणि मिस्त्री पुन्हा गप्प बसले, तर?

तुझं स्वतःचं खातं काढ. आणि त्यांना सांग. मी सांगणार नाही, ते तूच सांगायचं.

दादाच्या खात्याचं काय करायचं, तेही तू म्हणशील तसं.

धाकटा


२२ मे

भाऊजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा आठवडाभर तुमच्यावर रागावून होते. लहानपणी पोळी लाटताना मध्ये मध्ये करणारा मुलगा आता मला दार दाखवतो, असं वाटलं. मग राग शिळा झाला.

काल सांगितलं. यांच्या खात्यातून नाही, माझं नवं काढलं त्यातून. टोपणनाव विचारलं तिथे बराच वेळ अडले. इतकी वर्षं कुणाची सून, कुणाची वहिनी, मग 'मिस्त्री'. शेवटी 'समोरची खुर्ची' लिहिलं. लांब आहे, पण यांच्या जुन्या यंत्राने घेतलं.

फार लिहिलं नाही. मिस्त्री जाऊन पावणेदोन वर्षं झाली, तेव्हापासून लिहीत होते ती मी, त्यांची बायको. दंतवैद्यांची माफी मागितली. पाठवलं आणि गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे पुन्हा झटकत बसले.

खाली आले तर दंतवैद्यांचं उत्तर पहिलं. "बाई, तुम्ही एकदा 'सांगते' लिहिलंत आणि मिनिटभरात 'सांगतो' केलंत. त्या मिनिटाला मी समोर होतो. तेव्हाच कळलं. मी आणखी दोघांना विचारलं, त्यांना आधीच कळलेलं होतं. तुम्हाला सांगायचं नसेल तर आपण कशाला विचारा, असं आमचं ठरलं." त्या शेजारच्या मुलीलाही ठाऊक होतं म्हणे! मी एकटीच लपले होते आणि शोधणारे सगळे डोळे मिटून बसले होते. वाचता वाचता हसले, मग हसणं थांबेना, मग ते हसणं राहिलं नाही.

मास्तरांना मात्र ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांची बायको गेली. ते कुणाला बोलले नाहीत, फक्त मिस्त्रींना खासगीत लिहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं, "तुमच्या घरी आहे ना, जपा तिला." मी उत्तर दिलं होतं, "जपतो."

काल मास्तरांनी लिहिलं, "ज्या माणसाचं दुःख नाही त्याला मी माझं सांगितलं, असं मला वाटत होतं, आणि मला त्याचा हेवा वाटत होता. तुम्हाला तेव्हाच सगळं माहीत होतं. एक शब्द बोलला असतात तर आपण दोघं एकटे नसतो." एवढंच. व्याकरणाची एक चूक होती, त्यांनी सुधारली नाही. खातं बंद करून गेले.

"जपतो" लिहिताना मी खोटं लिहितेय असं मला खरंच वाटलं नव्हतं, भाऊजी. पण त्यांना ते कसं सांगू? ते बरोबरच बोलले.

यांच्या खात्याचं. पुसू नका. पण कुणालाही उघडू देऊ नका, मलासुद्धा. यांनी जे लिहिलं आणि मी यांच्या नावाने जे लिहिलं ते आहे तिथे राहू द्या, नाव बदलू नका. कुठलं कुणाचं, हे तुम्हाला नाही कळलं, मलाही आता काही ठिकाणी कळत नाही. आणि पासवर्ड काय होता हे तुम्ही विचारलं नाहीत, याबद्दल आभारी आहे.

वहिनी


३ जून

वहिनी,

'खरखर' नव्या घरात आली. गेल्या शनिवारी जुनं बंद केलं, नवं उघडलं. सगळ्यांचे पासवर्ड चालले. फक्त दंतवैद्य दोनदा चुकले आणि बोटांवर ढकललं.

दादाच्या खात्यासाठी वेगळा भाग लिहावा लागला. आमच्यात खातं एक तर चालू असतं, नाहीतर बंद. मी तिसरी तऱ्हा केली. नाव दिसतं, लिहिलेलं दिसतं, आणि आत जायचं दारच नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीने विचारलं, "ही कुणाला लागणार?" मी म्हटलं, "पुढेमागे सगळ्यांनाच." मास्तरांचंही मी पुसलेलं नाही, बंद ठेवलंय. त्यांच्याकडे किल्ली आहे, हवी तेव्हा वळवतील. न वळवली तर त्यांची मर्जी.

नव्या सभासदांना आत घ्यायचं काम आता तुझ्या खात्याकडे आहे. सकाळी एक अर्ज पाठवलाय, बघ. टोपणनाव 'धाकटा'. "रेडिओबद्दल काय माहीत आहे?" या चौकोनात काही लिहिता आलं नाही, तो रिकामा सोडलाय.

धाकटा


११ जून

भाऊजी,

तुमचा अर्ज पाहिला. नामंजूर केलाय.

तोंड वाईट करू नका, नियम आहे आणि तो यांनीच घातलेला आहे. सभासदाकडे निदान एक तरी बंद रेडिओ असावा लागतो. तुमच्याकडे सगळं चालू असलेलंच आहे. दंतवैद्यांनी तुमची शिफारस केली, "भावाला घ्या, चांगला दिसतो," पण मी म्हटलं, घरचा म्हणून सवलत नाही.

इथे यांच्या कपाटात बंद रेडिओ ओळीने पडलेत. त्यातला एक लाकडी, पुढे कापड लावलेला, यांनी उघडला होता आणि तसाच राहिला. आवाज येतो, स्टेशन लागत नाही. मी बरेच दिवस त्याच्याशी झगडतेय. 'खरखर'वर विचारलं, पहिल्यांदाच उत्तर द्यायला नाही तर विचारायला बसले. सात जणांनी सात कारणं सांगितलीत आणि आपसात भांडताहेत. एकेक तपासायचं तर एकाने आकृती धरून वाचावी लागते आणि दुसऱ्याने हात चालवावा लागतो. माझे हात चालतात.

तेव्हा या आणि तुमचा रेडिओ घेऊन जा. पार्सलने पाठवणार नाही, आत काचेचे व्हॉल्व्ह आहेत.

वहिनी